ज्येष्ठांची प्रार्थनासभा सुरू करताना: नागपुरातल्या मंडळ्यांसाठी

ज्येष्ठांसाठी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा वेगळी सभा घ्यायची, असं बऱ्याच मंडळ्यांत ठरतं. पहिल्या सभेला तीसजण येतात, दोन-तीन महिन्यांत सात-आठ उरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात सभा बंद पडते. अशा वेळी दोष संदेशावर नाहीतर गाण्यांवर टाकला जातो. पण जे यायचे थांबले त्यांच्या घरी जाऊन विचारलं तर वेगळंच कळतं: खुर्चीला हात नव्हते, बाथरूमला जायला तीन पायऱ्या उतरायच्या होत्या, कूलरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, घरी सोडायला कुणी नव्हतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी याच गोष्टींकडे बघावं. पुढचं सगळं प्रॉटेस्टंट मंडळ्यांची रीत धरून लिहिलं आहे. कॅथलिक पॅरिशमध्ये कुठे फरक पडतो, ते त्या-त्या ठिकाणी आलं आहे.

आधी यादी, मग भेटी

पहिली भेट पाळकांची. ही सभा मंडळीच्या नावाने होणार असेल तर पाळक समितीत तिची नोंद व्हायला हवी, नाहीतर सहा महिन्यांनी 'ही कोणाची सभा, कोणाला विचारून?' हा प्रश्न हमखास निघतो. महिला संगतीचा दिवस, घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांचा दिवस आणि गायनाच्या सरावाचा दिवस आधी माहीत करून घ्या. आजींपैकी निम्म्या जणी महिला संगतीत असतातच, आणि त्यांना आठवड्यातून दोनदा बाहेर पडणं जमत नाही.

मंडळीच्या रजिस्टरवरून सत्तरीपुढच्यांची यादी काढा. तिचे तीन भाग करा: स्वतः येऊ शकणारे, कुणी आणलं तर येणारे आणि घराबाहेर न पडणारे. तिसरा भाग बाजूला ठेवू नका, त्याचं काम पुढे आहे. पहिल्या दोन भागांतल्या प्रत्येकाच्या घरी वीस मिनिटांची भेट द्या आणि चार गोष्टी वहीत लिहा: कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, पायऱ्या चढता येतात का, औषधाच्या आणि जेवणाच्या वेळा काय, आणि अडचणीत फोन कोणाला करायचा. पाचवी गोष्ट विचारायची नसते, ती आपोआप कळते. ती म्हणजे घरातल्या सुनेला किंवा मुलाला ही सभा सोयीची वाटते की कटकटीची. ज्या घरी कटकट वाटते तिथे न्यायची-आणायची जबाबदारी पहिल्या दिवसापासून आपण घ्यायची.

सुरुवातीला आठ ते बाराजण पुरेत. एवढे असले की खुर्च्या गोलात मांडता येतात आणि माइकशिवाय भागतं. सगळ्यांना एकदम बोलावलं तर निम्म्या लोकांना पहिलाच अनुभव वाईट येतो, आणि या वयात माणूस दुसऱ्यांदा आजमावून बघायला येत नाही.

वार आणि वेळ

रविवार नको. महिन्याचा पहिला आठवडाही टाळलेला बरा, तेव्हा पेन्शनसाठी बँकेत जायचं असतं. सदर-मंगळवारीच्या बाजूला सभा असेल तर बाजाराचा मंगळवार सोडून द्या, त्या गर्दीत ऑटो अडकतो आणि चालायला फुटपाथ मोकळा नसतो. बुधवार किंवा गुरुवार बहुतेकांना जमतो.

वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलावी लागते. 'आमची वेळ बारा महिने एकच' हा हट्ट नागपुरात चालत नाही. जुलै ते मार्च सकाळी साडेदहा ते बारा ठीक. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सकाळी साडेसातला सुरू करून नऊला सगळे घरी निघाले पाहिजेत. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा दहा वाजताचं ऊनही म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. नवतप्याच्या दिवसांत (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सभा सरळ बंद ठेवा आणि फोनवर प्रार्थना करा. डिसेंबर-जानेवारीत काहीजण दुपारी चारची वेळ मागतात. ती चालेल, पण साडेपाचच्या पुढे जाऊ नका. संधिप्रकाशात मोतीबिंदूच्या डोळ्यांना पायरीची कड दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी मोकळेपणाने सांगत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना गोळीनंतरचे दोन-तीन तास वारंवार उठावं लागतं. सभेला लाज वाटू नये म्हणून ते त्या दिवशी गोळीच चुकवतात. यावर उपाय दोन: बाथरूम जवळ असणं, आणि गोळीची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून बदला, चुकवू नका, असं स्पष्ट सांगणं.

जागा

चर्चची मुख्य इमारत सुंदर असली तरी या सभेला तिथलं छत उंच पडतं, आवाज घुमतो आणि शब्द विरघळतात. शिवाय बाकांना हात नसतात. कॅम्पाउंडमधला छोटा हॉल, संडे स्कूलची खोली किंवा पाळकांच्या घराचा व्हरांडा जास्त बरा. जागा बघायला जाताना गेटपासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून बाथरूमपर्यंत काठी घेऊन स्वतः चाला. उंबरा, पायरी, ओली फरशी, सैल दरी (सतरंजी), माइकची वायर, सगळं तेव्हाच दिसतं. दरी अंथरायचीच नाही. बाथरूममध्ये कमोड हवा, निदान कमोडची खुर्ची. कडी बाहेरूनही उघडता यावी.

खुर्च्यांवर पैसे वाचवू नका. हात असलेली, बसायची जागा जमिनीपासून अठरा ते वीस इंच उंच असलेली, न घसरणारी खुर्ची हवी. लग्नाच्या मांडवातल्या हलक्या प्लॅस्टिक खुर्च्या दिसायला हात असलेल्या असतात, पण उठताना एका हातावर जोर दिला की तिरक्या होतात. त्याच वापरायच्या असतील तर दोन-दोन एकात एक घालून ठेवा, उंची आणि वजन दोन्ही वाढतं.

कूलर हा नागपूरचा खास प्रश्न. तो चालू असला की ऐकू येत नाही, बंद केला की बसवत नाही. खिडक्या उघड्या ठेवून सभेच्या पाऊण तास आधी चालू करा, खोली गार करून घ्या आणि वाचन, संदेश व प्रार्थना होईपर्यंत बंद ठेवा. गाण्याच्या वेळी पुन्हा लावायला हरकत नाही. पाऊस सुरू झाला की कूलरने नुसता दमटपणा वाढतो, तेव्हा पंखाच बरा.

ऐकू येणं

यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त सभा इथेच हरतात. वयाने जाणारं ऐकणं बहुधा उंच स्वरांचं आधी जातं. त्यामुळे 'काहीतरी बोलतायत' हे कळतं, पण स, श, फ, त असली व्यंजनं निसटतात आणि शब्द ओळखू येत नाही. ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच अस्पष्ट राहतात. फायदा होतो तो सावकाश बोलण्याचा, वाक्याच्या शेवटी आवाज न पाडण्याचा आणि चेहरा उजेडात ठेवण्याचा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असली की त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. म्हणून बोलणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसावं.

पंधराच्या वर माणसं झाली की माइक लागतोच. 'माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको' असं प्रत्येक वक्ता म्हणतो. त्याचं ऐकू नका. कॉलर माइक आणि छोटा बॅटरीवरचा स्पीकर पुरतो. स्पीकर वक्त्यामागे न ठेवता श्रोत्यांच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. ज्यांच्या वहीत 'डावा कान बरा' लिहिलं आहे त्यांना वक्ता डाव्या हाताला येईल असं बसवा.

सभेचा क्रम

एकूण सव्वा तास, चहा धरून दीड. येणं आणि स्थिरावणं पंधरा मिनिटं, दोन गीतं, शास्त्रवाचन, दहा-बारा मिनिटांचा संदेश, पंधरा मिनिटं गप्पा, पंधरा मिनिटं मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद आणि चहा. संदेश लांबला की बाकी सगळं आकसतं, आणि आधी कापल्या जातात त्या गप्पा. खरं तर लोक त्यांच्यासाठीच आलेले असतात.

गीतं ओळखीची घ्या. नारायण वामन टिळकांची आणि जुन्या संग्रहातली गीतं या पिढीला तोंडपाठ आहेत. महिन्यातून एखादं नवं चालतं. तरुण गायकवृंद ज्या पट्टीत गातो तिच्याहून दोन-तीन स्वर खाली घ्या. वयाबरोबर वरचे स्वर जातात आणि न पोचणारा माणूस गप्प बसतो. पेटीवाल्याला स्केल चेंजर (पट्टी बदलता येणारी) पेटी मिळाली तर काम सोपं होतं. लयही थोडी संथ हवी, पण इतकी नको की श्वास पुरणार नाही. दोन कडव्यांमध्ये पेटीची एक ओळ वाजू द्या, तेवढ्यात दम घेता येतो.

छापील पुस्तकातली अक्षरं बारीक असतात. गीत आणि वचन ए-४ कागदावर २२ पॉइंटच्या ठळक अक्षरात, एकाच बाजूला छापा. लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि अर्धी ओळ दिसत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेबद्दल एक सूचना. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट आणि कॅथलिक अशी मिश्र सभा असेल तर सगळ्यांना पाठ असलेले शब्द थोडे वेगळे असतात, आणि 'राज्य, सामर्थ्य व गौरव' हा शेवट कॅथलिक बंधुभगिनी तिथे म्हणत नाहीत. मधेच अर्धे थांबतात, अर्धे पुढे जातात. आधी सांगून एकच पाठ छापून ठेवा. तसंच शास्त्राच्या भाषांतराचं: नवं भाषांतर सोपं असलं तरी साठ वर्षांपूर्वी पाठ केलेलं वचन त्याच शब्दांत ऐकण्यात त्यांना आनंद असतो. वाचन जुन्यातून, स्पष्टीकरण आजच्या बोलीत.

उभं राहण्याची सवय इथे मोडावी लागते. तासभर बसून एकदम उठल्यावर रक्तदाब खाली जातो. त्यात डोळे मिटले की तोल सांभाळायला नजरेची मदत राहत नाही. आशीर्वादाच्या वेळी माणसं पडतात ती यामुळे. 'सर्वांनी उभे राहू या' ऐवजी 'आपण बसूनच प्रार्थना करू या' म्हणा, आणि पाळकांनाही हे आधी सांगून ठेवा. 'ज्यांना जमेल त्यांनी उभं राहावं' म्हटलं की न जमणारेसुद्धा संकोचाने उठतात. सभा संपल्यावर उठण्याआधी बसल्याजागी दहा वेळा पावलं वर-खाली करायला लावा.

कोणते उतारे

म्हातारपणावर बोलायचं म्हणून प्रत्येक वेळी मरण आणि स्वर्ग हाच विषय घेणं चुकीचं आहे. पवित्र शास्त्रात म्हातारी माणसं भरपूर आहेत आणि ती कामात आहेत. पंच्याऐंशीव्या वर्षी डोंगराळ मुलूख मागणारा कालेब (यहोशवा १४), मंदिरात बाळाला हातांत घेणारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना (लूक २), नातवाला विश्वास देणारी लोईस (२ तीमथ्य १:५), सून हीच आधार झालेली नामी. स्तोत्र ७१ आणि यशया ४६:३-४ हे तर हवेतच. आमची खास शिफारस २ शमुवेल १९ मधल्या बर्जिल्लयची. ऐंशी वर्षांचा हा गृहस्थ राजाचं आमंत्रण नाकारतो: खाल्लेल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मी तुमच्यावर ओझं कशाला होऊ? हे वाचल्यावर सभेत कुणाला प्रश्न विचारावा लागत नाही. सगळे आपणहून बोलू लागतात.

गप्पांसाठी 'कोणाला साक्ष द्यायची आहे का?' असं मोकळं सोडलं तर दोघेच बोलतात, तेही वीस-वीस मिनिटं. नेमका प्रश्न द्या आणि गोलात फिरवा: बाप्तिस्मा किंवा दृढीकरण कुठे झालं, लहानपणी ख्रिसमसला घरी काय व्हायचं, म्यूर या जुन्या मिशन हॉस्पिटलशी घरातल्या कुणाचा संबंध होता का. नोव्हेंबरच्या शेवटच्या सभेला एक विषय तयारच आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली ती नागपुरातच. तेव्हा पंधरा-वीस वर्षांचे असलेले लोक आज सत्तरीत आहेत. आधी ते कोणत्या मंडळीत होते, उपासनेत काय बदललं, घरात वाद झाले का, हे विचारा आणि मंडळीतल्या एखाद्या मुलाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसवा (बोलणाऱ्याची परवानगी घेऊन). लांबण लावणाऱ्याला थांबवायचा चांगला उपाय म्हणजे त्याचंच शेवटचं वाक्य उचलून शेजारच्याला विचारणं: 'बाबा म्हणतात तसं तुमच्याकडेही होतं का, मावशी?'

विसरभोळेपणा वाढलेली माणसं येणारच. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी 'हे झालं सांगून' म्हणू नका. संदेश त्यांच्या डोक्यावरून जातो, पण गीत आणि प्रभूची प्रार्थना ओठांवर येते. म्हणून या दोन गोष्टी कधी गाळू नयेत.

प्रार्थनेच्या विनंत्या आणि गुपितं

विनंती ज्याची त्याने, स्वतःपुरती सांगावी. 'अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिचं असं असं चाललंय' अशी प्रार्थना म्हणजे आमेन जोडलेली चुगली, आणि ती संध्याकाळपर्यंत जरीपटक्यापासून अजनीपर्यंत पोचते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त वेळ, जागा आणि वाचायचा उतारा टाका. आजार, पैसा, घरचे वाद तिथे नकोत.

त्याच ग्रुपवर आणि सभेतही विमा, गुंतवणूक, गुडघेदुखीचं तेल, काहीही विकायला सक्त बंदी हवी, विकणारा मंडळीतला असला तरी. दान गोळा करायचं असेल तर दोघांनी मोजावं, वहीत सही करावी आणि त्याच दिवशी खजिनदाराकडे द्यावं.

प्रभुभोजन

तीन महिन्यांतून एकदा ठेवलं तर पुरे. ते अभिषिक्त पाळकांनीच द्यायचं, म्हणून तारीख आधी ठरवा. हात थरथरतात, त्यामुळे पेले अर्धेच भरा. भाकरीचे तुकडे बारीक आणि ओलसर हवेत, कोरडा तुकडा घशाला चिकटतो. पाळकांनी खुर्चीपाशी यावं, लोकांनी वेदीपाशी जायचं नाही. कॅथलिक पॅरिशमध्ये मिस्साची (प्रभुभोजनाच्या उपासनेची) वेळ फादरांशी ठरवावी लागते. आजाऱ्यांच्या अभ्यंगाची (तेल लावून करायच्या संस्काराची) इच्छा असणाऱ्यांची नावं आधी त्यांना द्या. जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून आजी-आजोबा आणि वृद्धांसाठी ठेवला आहे, तिथे सभेची सुरुवात त्याला धरून करता येते.

चहा-नाश्ता

आलूपोहे नरम, लिंबू पिळलेले, तर्री नको. वीस माणसांना सव्वा किलो पोहे आणि सव्वा लिटर दूध, एक लिटर पाणी असा चहा पुरतो. चहा बिनसाखरेचा, साखर वेगळी. शेंगदाणे, चिवडा आणि कोरडा केक कवळीखाली अडकतो किंवा घशात जातो. हिवाळ्यात संत्री सोलून, बिया काढून द्या, मात्र किडनीच्या बऱ्याच रुग्णांना डॉक्टरांनी मनाई केलेली असते, आधी विचारून घ्या. खाताना प्रार्थना, भाषण, सूचना काही नको.

कोणी पडलं किंवा घाबरलं तर

घाम, थरथर, बडबडणं, हे मधुमेह्याला झालं तर साखर उतरली असं समजा: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. पडलेल्याला बगलेत हात घालून लगेच उचलायचा मोह आवरा. कंबर किंवा मांडी दुखत असेल, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल तर तसंच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. हा नंबर, पत्ता आणि जवळची खूण मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. घाबरलेल्या माणसाला रोजच्या जागेचा पत्ताही सांगता येत नाही.

आणणं-पोचवणं

ओळखीचा एक ऑटोवाला ठरवून टाका, दर वेळी तोच. एका फेरीत तिघेच. ज्यांना बसायला सगळ्यात त्रास होतो त्यांना शेवटी घ्या आणि परतताना आधी सोडा. इंदोरा किंवा कडबी चौकाकडून सदरला येणाऱ्यांना मेट्रो सोयीची आहे, लिफ्ट असते. पण स्टेशनपासून चर्चपर्यंतचा शेवटचा तुकडा कोण सोबत चालणार ते आधी ठरलेलं असावं. आदल्या दिवशी फोन करा, मेसेज नको. फोनवर वेळ, कोण घ्यायला येणार आणि 'चष्मा, कानाचं मशीन, दुपारची गोळी बरोबर घ्या' एवढं सांगा.

कामं वाटून द्या

तिसऱ्या-चौथ्या सभेपासून येणाऱ्यांना काम द्यायला लागा. निवृत्त शिक्षिका वाचन करतील, रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा हजेरी आणि वेळ सांभाळतील, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्या आजी गीत सुरू करतील. घराबाहेर न पडणाऱ्यांची जी तिसरी यादी बाजूला काढली होती ती आता याच लोकांच्या हातात द्या. प्रत्येकाला दोन नावं. सभेच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन करायचा, वाचलेला उतारा सांगायचा, विनंती विचारायची आणि फोनवरच प्रार्थना करायची. दहा मिनिटांचं काम आहे. एखादा आजारी पडून दोन सभांना आला नाही तर त्याचं नाव आपोआप या फोनच्या यादीत जातं आणि तिसऱ्या सभेआधी कुणीतरी घरी जाऊन येतं. गेलेल्यांची तारीख त्याच वहीत लिहून ठेवा. वर्षश्राद्धाची रीत आपल्यात नसली तरी त्या आठवड्यात मागे राहिलेल्या जोडीदाराला फोन गेलाच पाहिजे.

गुड फ्रायडेची, येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांची उपासना दुपारी बारा ते तीन असते आणि बऱ्याचदा एप्रिलच्या उन्हात येते. ज्येष्ठांच्या गटासाठी त्यातली एक-दोन वचनंच ठरवून घ्या, दाराजवळच्या रांगा राखून ठेवा आणि ऑटोवाल्याला अर्ध्या वेळेला बोलवा. कोणत्या वचनानंतर उठायचं ते कागदावर लिहून द्या, म्हणजे मधेच उठताना कुणाला संकोच वाटत नाही.